एदिर्ने कसं पाहावं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एदिर्ने नेमकं आहे कुठे?

तुर्कस्तानचा जो छोटा तुकडा युरोपात येतो, त्याच्या अगदी पश्चिम टोकाला. इस्तंबूलहून साधारण 240 किलोमीटर. ग्रीसची हद्द शहरापासून दहा किलोमीटरच्या आत आणि बल्गेरियाची वीसेक किलोमीटरवर. मेरीच, तुंजा आणि अर्दा या तीन नद्या इथे एकत्र येतात. रोमन सम्राट हेड्रियनने दुसऱ्या शतकात वसवलेलं हे शहर हेड्रियानोपोलिस म्हणून ओळखलं जायचं. चौदाव्या शतकाच्या साठच्या दशकात ते उस्मानी तुर्कांच्या, म्हणजे ऑटोमनांच्या ताब्यात आलं आणि 1453 मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडेपर्यंत राजधानी राहिलं. कॉन्स्टँटिनोपल जिंकणारा दुसरा मेहमद 1432 मध्ये इथेच जन्मला. राजधानी हलल्यावरही सुलतानांचं इथलं येणं-जाणं थांबलं नाही. सतराव्या शतकात तर काही सुलतान इस्तंबूलपेक्षा इथेच जास्त रमले.

इस्तंबूलमध्ये एवढ्या मशिदी पाहिल्यावर इथे वेगळं काय पाहायचं?

इस्तंबूलमध्ये उस्मानी वास्तुकला बहरात आलेली दिसते. ती वाढली कशी, हे एदिर्नेत दिसतं. शहराच्या मध्यावर तीन मोठ्या मशिदी आहेत, एकीपासून दुसरीपर्यंत चालत पाच-सात मिनिटं. पहिलीचं काम 1403 मध्ये सुरू झालं, तिसरी 1575 मध्ये उघडली. एका मोठ्या छपराखाली, मध्ये खांबांची गर्दी न होऊ देता, जास्तीत जास्त माणसं कशी उभी करायची, या एकाच प्रश्नाशी गवंडी आणि वास्तुकार पावणेदोनशे वर्षं झगडत होते. त्यांचा सगळा प्रवास एका सकाळी पायी पाहता येतो. हे एवढं सलग मला दुसऱ्या कुठल्या शहरात दिसलेलं नाही.

मग कुठल्या क्रमाने पाहायचं?

बहुतेक लोक बसमधून उतरून थेट सेलिमिये मशिदीकडे धावतात, कारण ती लांबूनच दिसते. तसं करू नका. सेलिमिये शेवटी ठेवा.

सुरुवात एस्की जामी, म्हणजे जुन्या मशिदीपासून करा. 1403 ते 1414 या काळात, सुलतानाच्या मुलांमध्ये गादीसाठी यादवी चालू असताना ती बांधली गेली. एका भावाने सुरू केली आणि शेवटी जिंकलेल्या पहिल्या मेहमदने पूर्ण केली. इथे एक मोठा घुमट नाही, सारखे नऊ घुमट आहेत, तीनाच्या तीन ओळी. ते चार जाडजूड खांबांवर तोललेले आहेत. मोठा घुमट पेलण्याची हिंमत अजून नव्हती, म्हणून लहान घुमट शेजारी शेजारी मांडले. आत गेल्यावर जागा तुटक वाटते, खांब सतत आड येतात. तो अडथळा लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच्या उत्तरांचं आहे. या मशिदीचं खरं वैभव भिंतींवर आहे. पांढऱ्या भिंतींवर पुढच्या काळात काळ्या रंगात काढलेली माणसापेक्षा उंच अक्षरं आहेत. अरबी लिपी वाचता येत नसली तरी त्या रेषांची जाडी आणि वळणं पाहत बराच वेळ उभं राहावंसं वाटतं.

तिथून उच शेरेफेली जामीकडे जा. ती दुसऱ्या मुरादने बांधली, 1438 ते 1447. हा टप्पा सगळ्यांत धाडसाचा. वास्तुकाराने मधोमध सुमारे 24 मीटर व्यासाचा घुमट उभा केला. उस्मानी राज्यात तोवर एवढा मोठा घुमट कुणी केला नव्हता. तो सहा आधारांवर आहे. त्यांतले चार भिंतीत मिसळून गेलेत आणि दोन अजस्र षट्कोनी खांब आत मोकळे उभे आहेत. घुमटाच्या आणि बाजूच्या लहान घुमटांच्या मधल्या तिकोनी जागा नीट जुळलेल्या नाहीत. तिथे ओढाताण दिसते आणि तीच मला फार आवडते, कारण माणूस नवीन काही पहिल्यांदा करतो तेव्हा असंच होतं. बाहेर चारी बाजूंनी कमानींच्या पडव्या असलेलं अंगण आहे. पुढच्या सगळ्या शाही मशिदींनी ते उचललं. चार मिनारांचे चार वेगळे नमुने आहेत: एकावर पीळ, एकावर शंकरपाळ्यांसारखी नक्षी, एकावर उभ्या रेघा, आणि सर्वांत उंच 67 मीटरच्या मिनाराला तीन सज्जे. या मिनारात वर जाणारे तीन स्वतंत्र जिने एकमेकांभोवती फिरतात. प्रत्येक जिना वेगळ्या सज्जावर निघतो.

हे दोन्ही टप्पे डोळ्यात साठवून मग सेलिमियेच्या टेकाडावर चढा.

सेलिमियेत आत गेल्यावर काय पाहायचं?

आधी काहीच शोधू नका. दारातून आत या आणि गालिच्यावर बसा. एस्की जामीतले आड येणारे खांब आठवा. इथे ते नाहीसे झालेत, असंच पहिल्यांदा वाटतं. खांब आहेत, आठ आहेत आणि चांगले भक्कम आहेत. पण वास्तुकार सिनानने ते भिंतींच्या इतके जवळ सरकवले आहेत की मधली सगळी जागा एकसंध होते. त्यांच्यावर 31 मीटरहून थोडा जास्त व्यासाचा घुमट आहे. भिंतींवर भार कमी, म्हणून भिंतींत खिडक्या भरपूर, आणि म्हणून आत उजेडच उजेड.

मिमार सिनान हा उस्मानी दरबाराचा मुख्य वास्तुकार. दुसऱ्या सेलिमसाठी त्याने 1568 च्या सुमारास हे काम हाती घेतलं, तेव्हा तो ऐंशीच्या घरात होता. इस्तंबूलची शेहजादे मशीद आपण उमेदवारीत केली, सुलेमानिये कारागीर म्हणून आणि सेलिमिये उस्ताद म्हणून, असं तो म्हणाल्याची परंपरा आहे. मशीद 1575 मध्ये नमाजासाठी उघडली. सुलतान सेलिम त्याच्या काही महिने आधीच, डिसेंबर 1574 मध्ये वारला होता.

आता उठून घुमटाच्या बरोबर खाली या. तिथे बारा संगमरवरी खांबांवर अजान देणाऱ्या मुअज्जिनांचा चौथरा आहे आणि त्याच्याखाली एक लहानसं कारंजं. चौथऱ्याच्या एका खांबावर खाली, अंगठ्याएवढं, उलटं ट्यूलिपचं फूल कोरलेलं आहे. लोक वाकून ते शोधत असतात. मशिदीच्या जागेवर ट्यूलिपची बाग होती, मालक जागा द्यायला तयार होईना, शेवटी दिली तेव्हा सिनानने त्याच्या उलट्या स्वभावाची आठवण म्हणून उलटं फूल कोरलं, अशी गोष्ट गावात सगळे सांगतात. गोष्ट म्हणून छान आहे, इतिहास म्हणून घेऊ नका. फूल शोधून झालं की मिहराबच्या, म्हणजे मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याच्या बाजूच्या इझनिकच्या रंगीत फरशा पाहायला विसरू नका. त्यांवरचा लाल रंग हाताला उंचवटा लागावा इतका जाड बसवलेला असतो. सुलतानाच्या सज्जातल्या काही फरशा 1877-78 च्या युद्धात रशियन सैन्याने काढून नेल्या.

बाहेर पडल्यावर मिनार पाहा. चार, प्रत्येकी सुमारे 71 मीटर, अगदी बारीक. अंगणाच्या बाजूच्या नव्हे तर घुमटाच्याच चार कोपऱ्यांवर ते उभे केलेत, त्यामुळे घुमट आणि मिनार एकाच गाठीत बांधल्यासारखे दिसतात. प्रवेशाकडच्या दोन मिनारांत उच शेरेफेलीसारखेच तीन-तीन स्वतंत्र जिने आहेत. आपल्या सव्वाशे वर्षं आधीच्या त्या अनामिक वास्तुकाराची युक्ती सिनानने उचलली आणि तिथल्यापेक्षा कितीतरी बारीक मिनारात बसवून दाखवली.

सेलिमियेचा घुमट मोठा की विजापूरचा गोल घुमट?

गोल घुमट मोठा आहे. त्याचा आतला व्यास 37 मीटरच्या पुढे जातो. तो 1656 च्या सुमाराचा, म्हणजे सेलिमियेनंतर ऐंशी वर्षांनी. सिनानला मात इस्तंबूलच्या हागिया सोफियावर करायची होती आणि तिच्या घुमटाशी त्याने बरोबरी साधली. दोन्ही इमारती पाहिलेल्यांना एक गंमत लक्षात येईल. चौकोनी खोलीवर गोल छप्पर ठेवायचं तर मध्ये अष्टकोन घ्यावा, हे उत्तर दोन्हीकडे सापडतं. विजापूरला एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी अष्टकोन साधला आणि भिंती प्रचंड जाड ठेवल्या. एदिर्नेत आठ खांबांनी तो साधला आणि भिंती उजेडासाठी मोकळ्या केल्या. एक थडगं आहे, दुसरी रोज वापरातली मशीद. मला एदिर्नेची रीत जास्त भावते. पण विजापूर आधी पाहिलेलं असेल तर एदिर्ने दुप्पट कळतं.

दख्खनच्या इतिहासाशी या शहराचा काही संबंध लागतो का?

लागतो. विजापूरच्या आदिलशाहीचा संस्थापक यूसुफ आदिलशाह हा दुसऱ्या मुरादचाच मुलगा, गादीच्या भांडणात मारला जाऊ नये म्हणून आईने त्याला गुपचूप इराणात पाठवलं, तिथून तो दख्खनला आला, अशी हकीकत फरिश्ता या इतिहासकाराने नोंदवून ठेवली आहे. हा मुराद म्हणजे उच शेरेफेली बांधणारा, आणि तो 1451 मध्ये एदिर्नेतच वारला. इतिहासकार ही वंशावळ खरी मानत नाहीत. पण विजापूरच्या दरबाराला ती सांगावीशी वाटली, यातच एदिर्नेच्या त्या काळच्या दबदब्याचा अंदाज येतो.

दुसरा धागा तोफांचा आहे आणि तो पक्का आहे. कॉन्स्टँटिनोपलच्या तटाला भगदाडं पाडणारी महाकाय तोफ ऑर्बन नावाच्या कारागिराने एदिर्नेत ओतली आणि तिथून बैलांच्या जोरावर ओढून नेली. पुढच्या शतकात तुर्की तोफखान्याचे जाणकार दूरदूरच्या दरबारांत पोचले. विजापूरच्या बुरुजावरची मुलुख मैदान तोफ 1549 मध्ये अहमदनगरला ओतली गेली. तिच्यावर ओतणाऱ्याचं नाव आहे, मुहम्मद बिन हुसेन रूमी. रूमी म्हणजे त्या काळच्या दख्खनी बोलीत उस्मानी मुलखातला माणूस. निजामशाहीतून ही विद्या दख्खनभर कशी पसरली, हे आपल्या किल्ल्यांवर फिरणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

सेलिमियेत दुरुस्ती चालू आहे असं ऐकलं. तरी जावं का?

2021 पासून तिथे मोठं जीर्णोद्धाराचं काम हाती घेतलं गेलं आणि आत परांची उभ्या राहिल्या. निघण्याआधी अलीकडचे फोटो पाहा. घुमट पूर्ण झाकलेला असेल आणि तुम्ही फक्त त्याच्यासाठी निघाला असाल, तर सहल पुढे ढकला. बाकी शहरासाठी जात असाल तर खुशाल जा.

बायेझिद संकुल शहराबाहेर आहे. तिथवर जाण्याइतकं काही आहे का?

हो. सेलिमियेनंतर दुसरा क्रमांक मी याला देईन. तुंजा नदीपलीकडे 1484 ते 1488 मध्ये दुसऱ्या बायेझिदने मशीद, वैद्यकीय शाळा, भोजनगृह आणि दवाखाना एकत्र बांधले. आता तिथे त्राक्या विद्यापीठाचं आरोग्य संग्रहालय आहे. युरोप परिषदेचा 2004 चा संग्रहालय पुरस्कार त्याला मिळाला आहे.

दवाखान्याची मुख्य इमारत षट्कोनी आहे. मधोमध कारंजं, वर घुमट आणि घुमटाच्या माथ्यावर उजेडासाठी झरोका. भोवती रुग्णांच्या खोल्या आणि एका बाजूला वादकांची जागा. सतराव्या शतकात एव्लिया चेलेबी हा प्रवासी इथे येऊन गेला. मनोरुग्णांना गाणं-वाजवणं ऐकवण्यासाठी दहा कलावंत नेमलेले होते आणि ते आठवड्यातून तीनदा वाजवत, असं त्याने लिहून ठेवलंय. मधल्या कारंज्याजवळ उभं राहून हलक्या आवाजात काही गुणगुणा. आवाज सगळ्या खोल्यांत सारखा पोचतो. ज्या काळात युरोपात अनेक ठिकाणी मनोरुग्णांना साखळदंडाने बांधत, त्या काळातलं हे बांधकाम आहे. हा विचार करूनच खोल्या पाहाव्यात.

वैद्यकाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. 1717 मध्ये ब्रिटिश राजदूताची पत्नी लेडी मेरी माँटेग्यू याच शहरात राहत होती. देवीच्या फोडातला द्रव निरोगी माणसाला टोचून रोग सौम्य करण्याची इथली रीत तिने पाहिली, इंग्लंडला पत्राने कळवली आणि पुढे स्वतःच्या मुलांना टोचून घेतलं. जेनरची लस त्यानंतर जवळपास ऐंशी वर्षांनी आली.

राजधानी होती, तर राजवाडा कुठे गेला?

उडवला. नदीकाठच्या सरायइची भागात 1450 मध्ये सुरू झालेला अवाढव्य राजवाडा होता. 1878 मध्ये रशियन सैन्य जवळ आलं तेव्हा तिथे साठवलेला दारूगोळा शत्रूच्या हाती पडू नये म्हणून उस्मानी अधिकाऱ्यांनीच सुरुंग लावला. आज सोळाव्या शतकातला न्यायमनोरा धड उभा आहे, जिहान्नुमा महालाचे अवशेष आहेत आणि उत्खनन व डागडुजी चालू असते. जवळच बाल्कन युद्धाचं स्मारक आहे. मार्च 1913 मध्ये पाच महिन्यांच्या वेढ्यानंतर शहर बल्गेरियनांच्या हाती पडलं, तेव्हा हजारो कैदी याच नदीकाठी उपासमारीने मेले. जुलैत तुर्कांनी शहर परत घेतलं. राजवाडा म्हणून फार अपेक्षा ठेवून जाऊ नका. पण ही जागा चुकवूही नये.

मशिदी सोडून काही पाहण्यासारखं?

पुष्कळ. कालेइची या जुन्या पेठेत सरळ आखलेल्या गल्ल्या आणि लाकडी घरं आहेत. काही नीट राखलेली, बरीचशी कलंडलेली. 1905 च्या आगीत शहरातली तेरा सिनेगॉग जळाली. त्यांच्या बदल्यात 1909 मध्ये व्हिएन्नातल्या एका सिनेगॉगच्या धर्तीवर एकच मोठं सिनेगॉग उभं राहिलं. वस्ती ओसरली, छप्पर कोसळलं, आणि 2015 मध्ये ते दुरुस्त होऊन पुन्हा उघडलं. इतकं देखणं, आणि रोज येणारं माणूस नाही. 1492 मध्ये स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंना या शहराने आसरा दिला होता, हे माहीत असलं की तिथली शांतता जड जाते. एकोणिसाव्या शतकातली दोन बल्गेरियन चर्चही जवळपास आहेत.

सिनानने बांधलेली रुस्तम पाशाची सराई आज हॉटेल आहे. तिच्या जतनाच्या कामाला 1980 मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला होता. अली पाशा बाजारही त्याचाच. 1992 च्या आगीनंतर तो नव्याने सावरला.

पुलांबद्दल इतकं का बोलतात?

कारण नद्यांनी वेढलेल्या शहरात प्रत्येक शतकाने आपला दगडी पूल बांधला. संध्याकाळी कराआच रस्त्याने चालत जा. आधी 1615 मध्ये पुरा झालेला तुंजावरचा पूल लागतो, मग 1847 चा मेरीच पूल, बारा कमानींचा, 263 मीटर लांब. सूर्य मावळायला मेरीचचा पूल गाठा. पुढे कराआचला वास्तुकार केमालेद्दीन यांनी बांधलेलं जुनं रेल्वे स्थानक आहे, आता तिथे ललित कला विद्याशाखा भरते. मेरीच ही इथे बहुतेक ठिकाणी देशाची सीमा आहे. कराआच मात्र नदीपलीकडे असूनही तुर्कस्तानात, कारण 1923 च्या लोझान तहात ग्रीसने ते युद्धभरपाई म्हणून दिलं. हाताशी गाडी असेल तर उझुनकोप्रू गावचा पूलही पाहा. पंधराव्या शतकातला, जवळपास 1,400 मीटर लांब, 174 कमानींचा.

जायला चांगला काळ कोणता?

एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. उन्हाळा कडक असतो, हिवाळ्यात बर्फ पडतो आणि नद्यांना पूर येतात. 5-6 मे रोजी रोमा लोकांचा काकावा उत्सव असतो.

जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला किर्कपिनारच्या तेलकुस्त्या होतात. 2010 पासून त्या युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहेत. आपल्याकडच्या मैदानी कुस्तीचा नाद असलेल्यांनी मुद्दाम या दिवसांत जावं. लाल मातीऐवजी हिरवळ, हलगीऐवजी ढोल आणि सनईसारखा झुर्ना, लंगोटाऐवजी गुडघ्याखालपर्यंत येणारी जाड कातडी विजार. मल्ल ऑलिव्हच्या तेलाने निथळत असतात, त्यामुळे पकड अंगावर टिकतच नाही. मग हात त्या विजारीच्या कमरेतून आत घालून डाव मारतात. लागोपाठ तीन वर्षं जिंकणाऱ्याला सोन्याचा पट्टा कायमचा मिळतो. त्या दिवसांत खोली महिनोन्महिने आधी ठरवावी लागते.

खायचं काय? शाकाहाऱ्यांचं कसं?

एदिर्ने म्हटलं की तावा जिएर, तळलेली कलेजी. कागदासारखे पातळ काप पिठात घोळवून सूर्यफुलाच्या कढत तेलात क्षणभर तळतात आणि बरोबर तळलेल्या सुक्या लाल मिरच्या देतात. कलेजी वासराची असते, हे आधीच सांगून ठेवतो. ज्यांना चालत नाही त्यांनी नाव पाहूनच बाजूला व्हावं.

शाकाहाऱ्यांचे हाल होत नाहीत. इथलं पांढरं चीज नावाजलेलं आहे. चीज घातलेलं बोरेक, मसुराचं सूप, भाज्यांचे थंड पदार्थ, दही हे सगळीकडे मिळतं. सूप मटणाच्या पाण्यात केलंय का, एवढं विचारून घ्या. गोडात बदामाचा एझमे, आपल्या बदाम बर्फीच्या जवळचा. घरी नेण्यासाठी फळांच्या आकाराचे सुवासिक साबण सेलिमियेखालच्या आरास्ता बाजारात मिळतात.

मशिदीत बिगर-मुस्लिमांना सोडतात का?

सोडतात, शुल्क नाही. नमाजाच्या वेळा आणि शुक्रवारची दुपार टाळा. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, बायकांनी डोक्यावर ओढणी घ्यावी. नमाज पढणाऱ्यांच्या समोरून जाऊ नका आणि त्यांचे फोटो काढू नका.

इस्तंबूलहून कसं जायचं, किती दिवस ठेवायचे?

एसेनलेरच्या बसस्थानकावरून सतत बस असतात, अडीच-तीन तास लागतात. हालकालीहून रेल्वेही आहे, पण गाड्या मोजक्या आणि वेळ जास्त. एका दिवसात जाऊन येता येतं, मात्र मग बायेझिद संकुल किंवा पूल यांतलं एक सुटतं. एक रात्र राहा. इस्तंबूलच्या सहली परतल्यानंतर संध्याकाळी सेलिमियेचं अंगण जवळजवळ मोकळं असतं.

व्हिसाचं काय? सीमेवर आहोत तर ग्रीस किंवा बल्गेरियात चक्कर मारून येता येईल का?

भारतीय पासपोर्टवर तुर्कस्तानचा व्हिसा लागतो. शेंगेन देश, अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंडचा चालू व्हिसा वा रहिवासी परवाना असेल तर अटींवर ई-व्हिसा मिळतो, नाहीतर नेहमीचा अर्ज करावा लागतो. निघण्यापूर्वी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचनाही वाचा.

पलीकडे जायला दोन्हीकडे शेंगेन व्हिसा हवा. बल्गेरियाची जमिनीवरची सीमाही जानेवारी 2025 पासून शेंगेनमध्ये आली आहे. घोळ होतो तो परतताना. तुर्कस्तानचा ई-व्हिसा एकदाच प्रवेश देणारा असेल तर बाहेर पडताच तो संपतो आणि तुम्ही सामानासकट पलीकडे अडकता. त्यामुळे कपिकुले नाक्यातून बल्गेरियात किंवा पझारकुले नाक्यातून ग्रीसमध्ये जायचं असेल, तर परत न येण्याच्या बेतानेच जा. म्हणजे एदिर्ने हा तुर्कस्तानातला शेवटचा मुक्काम ठेवा आणि पुढची सहल बल्गेरियातल्या प्लोव्दिव किंवा ग्रीसमधल्या थेसालोनिकीहून आखा.